सिनावाली झपाट्याने येते, पण मोकळ्या खेळात बोटांवर मार बसतो: चुकतंय कुठे?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आठ महिने व्हिडिओ बघून मित्रासोबत आर्निसचा, म्हणजे फिलिपिन्सच्या काठीच्या युद्धकलेचा, सराव चालू आहे. बारा कोन (वार करायच्या ठरलेल्या बारा दिशा) पाठ आहेत, दोन काठ्यांची सिनावाली (दोघांनी लयीत काठीवर काठी मारायचा सराव) वेगात जमते. पण फोम लावलेल्या काठ्या घेऊन मोकळं खेळायला गेलात की पहिल्या काही सेकंदांतच बोटांवर फटका बसतो. शिवाय उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलंय. आता पुढे कोणतं ड्रिल शिकावं, एक काठी धरावी की दोन, काठी कोणती घ्यावी आणि लहानपणी शिकलेल्या लाठीकाठीचा इथे उपयोग होईल का, असे तुमचे प्रश्न आहेत. जाता जाता ‘काली’ हेच या कलेचं मूळ नाव का, हेही विचारलंय.

माझं मत सरळ सांगतो. तुम्हाला नवीन ड्रिल नकोय. बोटांवरचा मार आणि कोपराचं दुखणं हे तुम्ही दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडलेत, पण बहुतेक दोन्हींचं मूळ एकच आहे: तुमचा फटका समोरच्या काठीवर संपायला शिकलाय.

तुमचा खेळ मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यामुळे ‘बहुतेक’ म्हणतोय. मित्र तुमच्यापेक्षा बराच उंच असेल, तुमची काठी फार जड असेल किंवा कोपराचं दुखणं आधीपासूनचं असेल, तर हिशोब थोडा बदलतो. तरीही व्हिडिओवरून शिकणाऱ्यांमध्ये ही चूक इतकी नेहमीची आहे की तपासणी इथूनच सुरू करावी.

सिनावाली हा शब्द ‘सवाली’वरून आलाय. आपल्या सावलीशी त्याचा संबंध नाही. फिलिपिन्समध्ये सवाली म्हणजे बांबूच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणून केलेला तट्ट्या, घराच्या भिंतीला लावतात तो. दोन काठ्या तशाच एकमेकींखालून-वरून विणत जातात म्हणून हे नाव. डावा हात उजव्याइतका शहाणा करायला, दोन्ही हातांची लय जुळवायला आणि खांदे मोकळे करायला हा सराव उत्तम आहे. पण त्यात दोघंही एकमेकांच्या काठीवरच मारतात. समोरची काठी तुमची काठी अडवते, तिथे फटका संपतो आणि त्या उलट्या धक्क्यावर पुढचा फटका निघतो.

ही सोय मुद्दाम केलेली आहे. जुन्या पद्धतीत सरावातही काठीऐवजी थेट हातावर किंवा अंगावर मारायचे, त्यामुळे नवशिके हात सुजवून घ्यायचे आणि सोडून जायचे. फिलिपिनो गुरू रेमी प्रेसास यांनी मॉडर्न आर्निस हे घराणं उभं केलं तेव्हा काठीवर काठी मारायचा सराव पुढे आणला. माणूस टिकला तरच तो शिकेल, हा त्यामागचा विचार, आणि तो बरोबरच आहे. गडबड होते ती या सोयीलाच खेळ समजल्यावर.

आता हातात काय होतं ते बघा. मोकळ्या खेळात समोर काठी नसते, पण हाताला सवय असते की फटका मध्यावर थांबतो. मग तो थांबवणार कोण? तुमचंच मनगट आणि कोपराखालचे स्नायू. दर फटक्याला तुम्ही ब्रेक लावता, तोही मूठ घट्ट आवळून. त्याचा ताण कोपराच्या बाहेरच्या हाडाशी जिथे हे स्नायू चिकटलेले असतात तिथे जातो. आणि ब्रेक लागल्यावर मूठ क्षणभर हवेत, समोरच्याच्या पुढ्यात, थांबलेली राहते. त्याला यापेक्षा सोपं निशाण कुठलं मिळणार?

खात्री करायची तर एक तपासणी करा. फोनवर अधूनमधून वाजेल असा टायमर लावा आणि नेहमीसारखी सिनावाली खेळा. बीप वाजली की दोघांनी जागच्या जागी थांबायचं, पाय हलवायचे नाहीत. मित्राने काठी खाली घ्यायची. मग तुम्ही चालू असलेला फटका अगदी सावकाश, हात पूर्ण जाऊ देत, पुढे न्या. काठीचं टोक त्याच्या कानशिलापासून वीतभर अलीकडेच राहिलं, तर तुम्ही आठ महिने माणसाला न पोहोचणारे फटके मारताय. काठीचा मधला भाग डोक्यावर आला, तर तुम्ही फार आत उभे आहात. शेवटचे चार-पाच इंच कानशिलावर आले तर अंतर ठीक. दहा वेळा करून बघा आणि मोजा.

मोकळ्या खेळात हात का मार खातात याचं गणितही सोपं आहे. नेहमीची काठी २८ इंची, म्हणजे साधारण ७१ सेंटिमीटर. मुठीखाली उरणारा बुंधा आणि मूठ यांत सोळा-सतरा सेंटिमीटर जातात, पुढे राहते जवळपास ५४. म्हणजे समोरच्याच्या काठीचं टोक तुमच्या डोक्याला जेमतेम लागतं तेव्हा त्याची मूठ तुमच्यापासून अर्ध्या मीटरवर असते. तुम्ही अर्धं पाऊल मागे गेलात तर त्याचं टोक हवेत जातं, पण त्याची मूठ अजूनही तुमच्या काठीच्या टप्प्यात असते. फिलिपिनो पद्धतीत लांबच्या अंतरावर, म्हणजे ‘लार्गो’त, पहिलं निशाण हात असतं ते यामुळे. सापाचे दात आधी पाडायचे, असं ते म्हणतात. मधल्या अंतराला ‘मेदिओ’ आणि अंगाला अंग भिडतं त्याला ‘कोर्तो’. तुमची सिनावाली मेदिओत चालते आणि मोकळा खेळ लार्गोत सुरू होतो. त्या अंतरावर तुम्ही सरावच केलेला नाही.

आता दुरुस्ती. पहिले दोन आठवडे काठीवर काठी अजिबात मारू नका. एकच काठी घ्या आणि हवेत पहिला व दुसरा कोन मारा: उजवीकडून तिरका खाली आणि डावीकडून तिरका खाली. फटका निशाणाच्या पार जाऊन विरुद्ध कंबरेपर्यंत किंवा खांद्यापर्यंत गेला पाहिजे. फिलिपिन्समधल्या सेबू बेटाकडचे लोक अशा पार जाणाऱ्या फटक्याला ‘लोब्तिक’ म्हणतात आणि चाबकासारखा मारून परत येणाऱ्याला ‘वितिक’. तुम्ही सध्या नकळत अर्धवट वितिक मारताय. वितिक नंतर शिकायचाच आहे, पण लोब्तिक पक्का झाल्यावर. प्रत्येक हाताने वीस-वीस फटके, मध्ये मिनिटभर विश्रांती, असे तीन फेरे पुरे. वेग निम्मा ठेवा. काठी वळते ती कमरेमुळे: उजवीकडून मारताना उजवी टाच थोडी उचलून कंबर फिरू द्या. नुसत्या हाताने मारलंत तर कोपर पुन्हा बोलायला लागेल.

मग दोरीला जुन्या चादरीची हातभर रुंद पट्टी बांधून खांद्याच्या उंचीला लटकवा आणि तिला मारा. पट्टी फटका थांबवत नाही, पण लागला की नाही ते दाखवते. टोकाचे चार इंच लागले पाहिजेत. स्कूटरचा टायर टांगून मारायची पद्धत चांगलीच आहे. पण तोही काठी परत फेकतो, त्यामुळे कोपर पूर्ण शांत झाल्यावरच त्याकडे जा. बादली उचलताना किंवा दाराची किल्ली फिरवतानाही दुखत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. या दुखण्यावर सराव वाढवून मात करता येत नाही.

पकड याच वेळी सुधारा. मुठीखाली तीन ते चार बोटं रुंदीचा बुंधा सोडा. त्याला ‘पुन्यो’ म्हणतात आणि जवळून त्यानेही मारतात. अंगठा काठीवर लांब ठेवू नका, बोटांवरून गुंडाळा. तो लांब ठेवला तर समोरच्या फटक्यात पहिला तोच सापडतो आणि काठी निसटायलाही सोपी जाते. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट यांनी काठी धरायची. तर्जनी सैल. लागण्याच्या क्षणी आवळायचं आणि लगेच सोडायचं. काठीला धार आहे असं समजा: बोटांचे मधले सांधे फटक्याच्या दिशेला हवेत. तुम्ही कोयत्याने नारळ सोलत असाल तर पातं तिरकं पडलं की काय होतं ते माहीतच असेल. फिलिपिन्समध्येही हे हात बोलो नावाच्या शेतीच्या कोयत्यावरून आलेत असं मानतात, सरावात त्याच्या जागी काठी घेतात.

तिसऱ्या आठवड्यापासून मित्राला घ्या, फोमच्या काठ्यांनी. जमिनीवर खडूने व्ही काढा. टोक तुमच्या पायाशी, दोन्ही हात मित्राच्या दिशेने उघडे, प्रत्येक हात साधारण दोन फूट. मित्र फक्त पहिला कोन मारेल, तोही निम्म्या वेगाने पण खरोखर तुमच्या कानशिलाला लागेल असा. ही अट महत्त्वाची आहे. मैत्रीखात्यात तो वीतभर अलीकडे मारायला लागला तर तुम्ही दोघंही परत तिथेच याल. तुम्ही आधी नुसतं अर्धं पाऊल मागे जाऊन त्याच्या मुठीवर मारा. ते वीस वेळा जमलं की मागे न जाता व्हीच्या एका हातावर तिरकं पुढे पाऊल टाका आणि मुठीवर किंवा मनगटावर मारा. पाऊल आणि फटका एकाच वेळी जमिनीला आणि निशाणाला लागले पाहिजेत. आधी पाऊल, मग फटका असं झालं की तुम्ही उशिरा पोहोचता. आधी फटका आणि मग पाऊल झालं की तो अंगाच्या जोराशिवाय जातो.

डाव्या हाताचं बघा. एका काठीच्या खेळात तो छातीसमोर, खांद्याच्या आत, उघड्या पंजाने तयार असतो. समोरच्याचा हात आत आला की तपासायचा, दाबायचा, ढकलायचा, हे त्याचं काम. नवशिक्याचा डावा हात एकतर मांडीशी लोंबतो किंवा काठीच्या पुढे येऊन स्वतःच मार खातो. सुरुवातीला डाव्या पंजाने स्वतःच्या छातीला हलकं शिवून ठेवा. दोन आठवड्यांत तो जागेवर राहायला लागतो.

मग सिनावाली परत आणा, पण बदलून. एक, उभं राहायचं अंतर वरच्या तपासणीत ठरलेलं. दोन, कोणीही कोणत्याही ठोक्यावर लय मोडून समोरच्या मुठीवर मारू शकतो. हेवन सिक्स हा सिनावालीचा प्रकार खेळत असाल (तिन्ही ठोके वर, मग बाजू बदलून पुन्हा तीन), तर तिसऱ्या ठोक्यानंतर बाजू बदलताना मोठी फट पडते हे तुम्हाला लगेच दिसेल. लय मोडायची मुभा मिळाली की ड्रिलमध्ये डोळे उघडतात.

काठी कोणती? वेत, म्हणजे रॅटन. बांबू नको. वेत भरीव असतो आणि मार खाऊन तंतू-तंतू सुटतो, म्हणजे खराब होताना आधी सांगतो. बांबू पोकळ असतो, उभा चिरतो आणि कपच्या डोळ्यात जाऊ शकतात. सागवान, शिसम किंवा बाभळीचा दांडा जड पडतो आणि तुटला तर एकदम तुटून टोक उडतं. फिलिपिन्समध्ये कामागोंग नावाच्या आबनुशी जातीच्या लाकडाच्या काठ्याही करतात, त्या सुंदर दिसतात, पण काठीवर काठी मारायला त्या नसतात. वेताची जाडी २.२ ते २.५ सेंटिमीटर बघा. डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहा, पेरं जवळजवळ असलेली निवडा, ओलसर वाटली तर सावलीत दहा-पंधरा दिवस सुकू द्या. तुमच्या कोपराचं बघता बारीक आणि हलकी घ्या. मारायच्या भागावर विजेच्या कामाची टेप गुंडाळा. टेपखालून काठी मऊ लागायला लागली की सोडून द्या.

फोमची काठी घरी करताना आत अर्धा इंची पीव्हीसी पाइप, ६५ सेंटिमीटर. टोकाला फोम पाइपाच्या चार-पाच सेंटिमीटर पुढे येईल असा ठेवा, नाहीतर टोकाचा वार फोम फाडून पाइपासकट लागतो. डोक्याला फेन्सिंगचा मास्क. क्रिकेटचं हेल्मेट वापरू नका, जाळीच्या फटीतून टोक आत येतं आणि मानेची बाजू उघडी राहते. फेन्सिंगचा मास्कही मागून उघडा असतो, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूचे फटके खेळात बंद ठेवा. आणि हा मास्क फोमच्या काठीसाठी पुरेसा आहे, पूर्ण ताकदीच्या वेतासाठी नाही. हाताला क्रिकेटचे बॅटिंग ग्लोव्हज चालतील, कारण त्यांची गादी बोटांच्या वरच्या बाजूला असते आणि मार तिथेच बसतो. कीपिंगचे ग्लोव्हज नकोत, त्यांची जाडी तळव्याला असते.

एक काठी की दोन, हे घराण्यावर ठरतं. सेबूमध्ये १९३२ साली स्थापन झालेल्या दोसे पारेस या घराण्यात एक काठी, दोन काठ्या आणि काठी-खंजीर असं सगळं आहे. त्यातूनच बाहेर पडलेल्या व्हेनान्सियो बाकोन यांचं बालिन्तावाक मात्र एकाच काठीवर आणि जवळच्या अंतरावर उभं आहे. मॉडर्न आर्निसमध्ये सिनावाली लवकर येते. तुमच्यासाठी मी तीन महिने एक काठी म्हणेन आणि सिनावाली शेवटी दहा मिनिटं. दोन काठ्या असल्या की एक चूक दुसरी काठी झाकते. एका काठीत अंतर चुकलं की लगेच कळतं.

बारा कोनांचं पाठांतर तुमचं मॉडर्न आर्निसचं दिसतंय: १ डावं कानशील, २ उजवं, ३ आणि ४ दोन्ही दंड किंवा कोपरं, ५ पोटात टोकाचा वार, ६ व ७ छातीत, ८ उजवा गुडघा, ९ डावा, १० व ११ डोळे, १२ टाळू. डावं-उजवं समोरच्याचं. दुसऱ्या घराण्यात आकडे वेगळे असतील तर गोंधळू नका. आकडा हा हजेरीपटावरचा नंबर आहे. कामाची गोष्ट म्हणजे वार कोणत्या रेषेतून येतोय, आणि ती रेषा काठी, कोयता किंवा मूठ, काहीही असलं तरी तीच राहते. सरावासाठी बारा पुरेपूर झाले. खेळात पहिले दोन, पाचवा आणि बारावा एवढे चार नीट वापरले तरी वर्षभराचं काम आहे.

लाठीकाठीचा उपयोग नक्की होईल. पवित्रे, पायावरचा तोल, मनगटाची फिरकी आणि समोरच्याच्या खांद्याकडे नजर ठेवायची सवय या चार गोष्टी तुमच्याकडे आयत्या आहेत. अडचण दोन ठिकाणी येईल. लाठी दोन्ही हातांनी धरतात, तिचं वर्तुळ मोठं असतं आणि ते पाठीमागूनही जातं. २८ इंची काठीत तेवढा वेळ नसतो, काठी पाठीमागे गेली की समोरचा तुमच्या हातापर्यंत येतो. दुसरं, लाठीत समोरचा लांब असतो, इथे तो अचानक कोर्तोत शिरतो आणि तिथे डावा हात आणि पुन्यो लागतात. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळातला फरी-गदका शिकला असाल तर तो जास्त जवळचा आहे, कारण त्यातही एका हातात आखूड हत्यार आणि दुसरा हात कामाला असतो. दोन्हींमधलं हे साम्य खांद्याच्या सांध्यामुळे आहे. माणसाचा हात ज्या रेषांतून फिरतो त्या सगळीकडे सारख्याच.

नावाचं: फिलिपिन्समध्ये ‘आर्निस’ आणि ‘एस्क्रिमा’ ही नावं चालतात, दोन्ही स्पॅनिशमधून आलेली. ११ डिसेंबर २००९ च्या कायद्याने ‘आर्निस’ला देशाची राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं. ‘काली’ हे नाव जास्त करून बाहेरच्या देशांत रुळलं, त्यात कॅलिफोर्नियात शिकवणाऱ्या डॅन इनोसान्तो यांचा मोठा वाटा आहे. तुमच्या व्हिडिओत काली म्हटलंय म्हणून तो माणूस चूक ठरत नाही, आणि आर्निस म्हटलंय म्हणून बरोबरही ठरत नाही. त्याचे फटके माणसापर्यंत पोहोचतात का, तेवढं बघा.

मोकळा खेळ तिसऱ्या आठवड्यानंतर मिनिटभराच्या फेऱ्यांनी सुरू करा. आधी निशाण फक्त मूठ आणि मनगट. फोनवर चित्रण करा आणि दहा फेऱ्यांत तुमच्या हातावर किती बसले ते मोजा. फेरीमागे दोनपेक्षा कमी होईपर्यंत दुसरं निशाण उघडू नका. मग कोपराखालचा हात, मग मांडी, आणि डोकं सगळ्यात शेवटी. डोकं उघडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातावरचे फटके पुन्हा वाढतील, कारण दोघंही घाईने आत शिराल. तसं झालं की एक आठवडा परत मनगटाच्या फेऱ्यांवर या आणि फोनवरचा टायमर पुन्हा लावा.